अनुभव धागा: जुनी बँक सोडावी की राहू द्यावी?

माझं खातं १९९६ पासून एकाच राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. पहिल्या नोकरीच्या वेळी बाबांनी नेऊन उघडून दिलं, ओळखदार म्हणून त्यांचीच सही. या वर्षात मात्र तीनदा दुकानात उभी राहून यूपीआय केलं, खात्यातून पैसे वळते झाले, समोर पोचलेच नाहीत. परत यायला चार दिवस. शाखेत विचारलं तर सर्व्हर डाऊन. बाबा आता नाहीत; आईची फॅमिली पेन्शन आणि लॉकर त्याच शाखेत आहेत. तुमच्यापैकी कुणी बँक बदलली असेल, किंवा बदलता बदलता थांबलं असेल, तर सविस्तर सांगा. – पुणे

ताई, मी २०२२ मध्ये बदलली, बावीस वर्षांनंतर. मोबाईल नंबरासारखा खाते नंबर पोर्ट होत नाही, त्यामुळे सगळी जुळणी आपल्यालाच करावी लागते. मी मागच्या पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट छापून घेतलं आणि पेन घेऊन बसलो. एलआयसी, दोन एसआयपी, वीजबिल, सोसायटी, डीमॅट, इन्कम टॅक्सचा रिफंड. वर्षातून एकदाच कापला जाणारा मेडिक्लेमचा हप्ता मला आठवतच नव्हता, तो त्या कागदावर सापडला. सहा महिन्यांचंच स्टेटमेंट काढलं असतं तर हप्ता चुकला असता. जुन्या खात्यात वीस हजार ठेवून ते आठ महिने चालू ठेवलं, मगच बंद केलं. पीपीएफ मोडायचं नसतं, नव्या बँकेत वर्ग करून मागायचं. पंधरा वर्षांची मोजणी जुन्याच तारखेपासून राहते. या सगळ्यात दोन महिने गेले, पण आज समाधानी आहे. – ठाणे

मी कुठेच गेले नाही, बँकच बदलली. माझं खातं देना बँकेत होतं. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया दोन्ही बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. नवं चेकबुक, नवा आयएफएससी. पाटी उतरवली त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, पण व्यवहार अडला नाही. – मुलुंड

मी थोडं वेगळं सांगते, कारण आमच्या घरात हे फार जिव्हारी लागलेलं आहे. मामांचा सगळा पैसा गावातल्या एका सहकारी बँकेत होता. संचालक ओळखीचे, व्याज अर्धा-एक टक्का जास्त, आणि चाळीस वर्षांची सवय. आम्ही भाचरं म्हणायचो, थोडे दुसरीकडे ठेवा. ते म्हणायचे, 'आपली बँक आहे.' रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले त्या सकाळी ते पासबुक आणि एफडीच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शटरसमोर उभे होते. ठेवी अकरा लाखांच्या. विमा प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांचा, तोही सगळ्या शाखा मिळून आणि व्याजासकट. फेब्रुवारी २०२० च्या आधी तर एक लाखच होता. ठेव विम्याच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत ते पाच लाख मिळाले, तेवढ्यावर मामींचं ऑपरेशन झालं. उरलेल्या पैशांची वाट अजून पाहतोय. माझी हात जोडून विनंती आहे: जुन्या बँकेवर जीव असेल तर खातं ठेवा, पण आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नका. – सांगली

नवं खातं उघडताना आधारचा रकाना नीट वाचून सही करा. सासूबाईंना लाडकी बहीणचे दीड हजार येतात. नव्या बँकेत फॉर्म भरताना आधार तिकडे जोडलं गेलं आणि दोन महिने आम्ही जुन्या पासबुकात एंट्री शोधत बसलो. हे पैसे आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं त्यात जातात. – नाशिक

आम्ही बदलणार होतो, थांबलो. आईचं वय ८२. हात थरथरतो, सही दर वेळी वेगळी येते. मुलगा म्हणाला, मोठ्या खासगी बँकेत नेऊ, घरपोच सेवा आहे. पण आमच्या शाखेतल्या काउंटरवरच्या बाई तिला खुर्ची देतात, स्लिपवर आधी पेन्सिलीने बारीक फुली मारतात आणि 'आजी, इथे, सावकाश' म्हणतात. एकदा सही अजिबात जुळेना, तेव्हा त्यांनी मॅनेजरना बाहेर बोलावून रीतसर अंगठा घेतला. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची आठवणही त्याच करतात. पुण्याच्या ताईंना एवढंच विचारते, तुमच्या आईला त्या शाखेत कोण ओळखतं? – सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. साताऱ्याच्या ताईंचा प्रश्न वाचून सोमवारी आईलाच घेऊन शाखेत गेले. तिथे तिला आता कुणीच ओळखत नाही, सगळे बदलून गेलेत. तरी पेन्शन हलवायची नाही, असं तिने स्वतःच सांगितलं. बाबांच्या नावाचं जुनं पासबुक ती अजून पर्समध्ये ठेवते. तिचं खातं आणि लॉकर तिथेच राहतील, मी लॉकरला नॉमिनी लावून आले. माझं रोजचं खातं दुसरीकडे उघडतेय. वर्षभराचं स्टेटमेंट छापून टेबलावर ठेवलंय, आज रात्री पेन घेऊन बसणार आहे. – पुणे