सल्ला हवाय: ड्रॅगन क्वेस्ट कुठल्या भागापासून सुरू करावा?

मावळवारा: मंडळी, लेक अकरा वर्षांची आहे, ड्रॅगन बॉलची वेडी. ती चित्रकथा काढणाऱ्या तोरियामांनीच ड्रॅगन क्वेस्ट या जपानी गेम-मालिकेतले राक्षस काढलेत हे कळल्यापासून तो गेम पाहिजे म्हणून मागे लागलीये. आमच्या लहानपणी टीव्ही गेमच्या कॅसेटीत मारिओ आणि काँट्रा, त्यापलीकडे मी काही खेळलेलो नाही. घरात निन्टेन्डोचा स्विच (गेम खेळायचं यंत्र) आहे. सुरुवात कुठून करू?

खडूफळा: थेट पहिला, १९८६ चा. स्विचवर त्याची छोटी, साधी आवृत्ती मिळते. हा गेम बनवणाऱ्या युजी होरींना विझार्ड्री आणि अल्टिमा हे अमेरिकन कॉम्प्युटर गेम प्रचंड आवडायचे पण ते शिकायलाच वेळ जायचा, आणि जपानी पोरांकडे होता फॅमिकॉम, म्हणजे निन्टेन्डोचा टीव्हीला जोडायचा गेम, मोजून चार बटणांचा. मग त्यांनी काय केलं, मूळ गेम सुरूच होतो राजाच्या खोलीत, दार बंद. शिपायांशी बोला, पेटी उघडा, किल्ली घ्या, दार उघडा, जिना उतरा. खोलीबाहेर पडेपर्यंत कमांड शिकून झालेल्या असतात! बाहेर आलं की पाण्यापलीकडे खलनायकाचा किल्ला समोर दिसतो, पण तिथे पोचायला अख्खा गेम लागतो. पूल ओलांडला की राक्षस तगडे होतात, म्हणजे अजून थांब हे नकाशाच सांगतो. आणि मेलात तर निम्मं सोनं जातं पण लढून मिळवलेले अनुभवाचे गुण तसेच राहतात, त्यामुळे हरलेली लढाईसुद्धा फुकट जात नाही. लहान मुलांना यापेक्षा चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही.

चंद्रकोर: मी असहमत. पहिल्यात हिरो एकटा, शत्रूही एकावेळी एकच, लेव्हल वाढवत फिरणं फार, मुलगी कंटाळेल. तिसऱ्याचा रिमेक २०२४ मध्ये आलाय, स्विचवर आहे, तो द्या. लढवय्या, जादूगार, व्यापारी अशी आपली टोळी आपण बनवायची. मूळ तिसरा १० फेब्रुवारी १९८८ ला आला तेव्हा पहिल्याच दिवशी दहा लाखांवर खपला, पोरं शाळा बुडवून रांगेत उभी. आणि कथेत तिसरा पहिल्याच्या आधी घडतो, त्यामुळे क्रमही बरोबर.

खडूफळा: चंद्रकोर, ते शेवटचं वाक्य लेकीला वाचू देऊ नका म्हणावं! तिसऱ्याचा शेवट अंगावर येतो तो पहिला खेळलेला असेल तरच. म्हणून तर पहिला आधी.

तिसरी_घंटा: खडूफळा यांना अनुमोदन. संगीताकडेही लक्ष द्यायला सांगा, कोइची सुगियामांचं आहे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन सुरू झालं ते याच मालिकेच्या धूनवर. पहिला अख्खा गेम ६४ केबीत बसवलेला, त्यात सेव्हची सोय नाही, पुढच्या वेळी तिथूनच खेळायला राजा वीस अक्षरांचा मंत्र द्यायचा आणि पोरांनी तो वहीत उतरवायचा, एक अक्षर चुकलं की तिथपर्यंतचा खेळ गेला. १९८९ ला अमेरिकेत आणताना मग सेव्हसाठी कॅसेटीत बॅटरी घातली.

मावळवारा: ठरलं, पहिला. त्यातलं इंग्रजी जुन्या वळणाचं आहे म्हणे, तिला झेपेल का?

चंद्रकोर: झेपेल, सुरुवातीला शेजारी बसा. पहिल्या गावातल्या प्रत्येकाशी बोलायला लावा, पुढे कुठे जायचं ते गावकरीच सांगतात. आणि दिवटी घेतल्याशिवाय गुहेत उतरू देऊ नका, आत काहीच दिसत नाही.