‘निष्ठावंत मालक’ की ‘मिठाला जागणारा’?

प्रश्न : सिॲटलचा ‘सुपरसॉनिक्स’ हा बास्केटबॉल संघ 2008 मध्ये ओक्लाहोमा सिटीला नेला गेला, त्यावर लिहितोय. संघमालकाने आपल्या गावाला, प्रांताला धरून राहावं ही जी अपेक्षा असते, तिला कोणता शब्द वापरावा? ‘निष्ठा’ लिहिलं की पक्ष बदलणारे आमदारच डोळ्यांपुढे येतात. शिवाय स्टेडियमसाठी सरकारने दिलेल्या पैशाला ‘अनुदान’ म्हणता येईल का?

प्रतिसाद : ‘बांधिलकी’ भाषणात शोभते. ‘इमान’ घ्या, ते राखता येतं आणि विकताही येतं.

प्रतिसाद : इमान उत्तम, पण कोणाशी ते सांगावं लागेल, आणि इथे नेमकी तिथेच गोची आहे. संघ तिकडे नेणारे मालक क्ले बेनेट मूळचे ओक्लाहोमा सिटीचेच. 2006 मध्ये त्यांच्या गटाने स्टारबक्सवाल्या हॉवर्ड शुल्ट्झ यांच्या गटाकडून 35 कोटी डॉलरला संघ विकत घेतला. त्याआधी कतरिना वादळामुळे न्यू ऑर्लिन्सचा संघ ओक्लाहोमात खेळायला आला होता आणि तिथले लोक सामन्यांना गर्दी करत होते. म्हणजे मालक आपल्या मातीशी इमान राखूनच वागला, फक्त ती माती सिॲटलची नव्हती! तिकडे ‘भूमिपुत्र’, इकडे ‘बेइमान’.

सिॲटलकरांचा राग पोचवायचा असेल तर ‘खाल्ल्या मिठाला जागले नाहीत’ असं लिहा. संघ जिथे खेळायचा ती ‘की अरीना’ (KeyArena) सिॲटल शहराच्या मालकीची, 1995 मध्ये शहराने पैसा ओतून ती जवळजवळ नव्याने उभारली होती. (छपराखालची आहे, स्टेडियम म्हणू नका.)

प्रतिसाद : पण ते मीठ खाल्लं आधीच्या मालकांनी. बेनेट यांनी तर आल्या आल्या नवं ताट मागितलं : रेंटन उपनगरात सुमारे 50 कोटी डॉलरची नवी अरीना, तीही बहुतांशी सरकारी पैशाने. 2007 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने दाद दिली नाही. सिॲटलच्या मतदारांनी 2006 च्या नोव्हेंबरातच कौल दिला होता की शहराला रास्त परतावा मिळणार नसेल तर अशा संघांवर पैसा घालायचा नाही. मिठाचा वाक्प्रचार वापरायचाच असेल तर मीठ वाढणाऱ्याने हात आखडता घेतला होता हेही लिहा.

प्रतिसाद : एक शब्द राहिला. विक्रीच्या करारात अट होती की नव्या मालकांनी वर्षभर सिॲटल परिसरातच जागा मिळवण्याचा ‘सद्भावपूर्वक’, म्हणजे प्रामाणिक हेतूने, प्रयत्न करावा. आपल्या कायद्याच्या मराठीतही हाच शब्द आहे. भांडण खरं तर त्यावरून झालं. ऑगस्ट 2007 मध्ये बेनेट यांचे भागीदार ऑब्री मॅकक्लेंडन उघड बोलून गेले की संघ सिॲटलमध्ये ठेवायला आम्ही घेतलाच नव्हता, आणि एनबीए या बास्केटबॉल लीगने त्यांना अडीच लाख डॉलर दंड ठोठावला. तेव्हा निष्ठा-इमान जरा बाजूला ठेवा. सिॲटलच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा कराराच्या सद्भावाचा होता, भावनेचा नव्हे.

प्रश्नकर्ता : मग शीर्षकात ‘इमान’, मजकुरात ‘सद्भाव’. आणि अनुदानाचं?

प्रतिसाद : अनुदान म्हटलं की पैसे मालकाच्या हातात पडले असं वाटतं. ओक्लाहोमातली अरीना शहराची, संघ तिथे भाडेकरू. मार्च 2008 मध्ये मतदारांनी तिच्या सुधारणेसाठी एक टक्का विक्रीकर मंजूर केला. डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा तसाच कर, या वेळी किमान 90 कोटी डॉलरच्या नव्या अरीनासाठी. मालकांचा वाटा त्यात 5 कोटी. ‘करदात्यांच्या पैशातून’ असं सरळ लिहा.

प्रतिसाद : ‘भाडेकरू’ फार सोज्वळ वाटतो हो. घर बांधायला लावणारा भाडेकरू आम्ही तरी पाहिला नाही. ‘अनुदान’च ठेवा, शेजारी दोन्ही आकडे द्या.