मदत हवी आहे: जेसीएलच्या पार्ममधून सी प्रोग्रॅमला पाथ दिला की पहिला स्लॅश गायब!

नमस्कार मंडळी,

लिनक्सवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालणारा एक सी प्रोग्रॅम झेड-ओएसवर (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) आणायचं काम गळ्यात पडलंय. कंपाइल झाला, लिंक झाला, जेसीएलमध्ये (मेनफ्रेमला जॉब कसा चालवायचा ते सांगणारी भाषा) लिहिलेल्या जॉबमधून सुरूही होतो. घोडं अडतं ते पॅरामीटरवर.

मेनमध्ये सुरुवातीलाच एक लूप टाकून सगळे आर्गव्ही (प्रोग्रॅमच्या हाती आलेले पॅरामीटर) छापून बघितले. जेसीएलमधल्या प्रोग्रॅम चालवणाऱ्या एक्झेक ओळीत पार्म='/यू/बॅच/इनपुट' दिलं, तर सिसप्रिंटमध्ये (प्रोग्रॅमने छापलेलं जिथे येतं तिथे) आर्गव्ही[१] आला 'यू/बॅच/इनपुट'. मग एफओपनने नल दिलं, म्हणजे फाइल उघडलीच नाही, यात नवल नाही. म्हटलं पाथचाच काही घोळ असेल, नुसती तारीख देऊन बघू. पार्म='१५/०८/२०२४' दिलं, हाती आलं '०८/२०२४'. स्लॅश नसलेलं काहीही दिलं की जसंच्या तसं पोचतं.

टीममध्ये सगळे कोबोलवाले. म्हणाले, "स्लॅश शेवटी लाव, आमच्याकडे तसंच असतं." लावला. पुढचा गेला तो गेलाच, वर मागे एक जादा चिकटला!

आणखी एक. प्रोग्रॅमला खरे लागतात ते सगळे पॅरामीटर मिळून १०० अक्षरांच्या वर जातात. तेवढे दिले तर जॉब सुरूच होत नाही, आयईएफ६४२आय (पार्म फार लांब असल्याचा एरर) येतो. काय करू?

उत्तर १

सिसप्रिंट बघितलंत, सिसआउट (रनटाइमचे मेसेज जिथे येतात ते) उघडलंत का? तारखेच्या रनमध्ये तिथे सीईईने सुरू होणारा मेसेज असेल, '१५' हा रनटाइम ऑप्शन (रनटाइमने कसं वागायचं त्याची सूचना) चालत नाही म्हणून.

ओएसकडून प्रोग्रॅमला मिळतं ते फार साधं असतं. रजिस्टर १ वरून एका पत्त्यापर्यंत पोचायचं, तिथे आधी दोन बाइटांत लांबी, लगेच पुढे पार्मचा मजकूर. आर्गसी-आर्गव्हीचा सगळा संसार लँग्वेज एन्व्हायर्नमेंट (एलई, झेड-ओएसची रनटाइम) मांडतं, तोही तुमचा मेन सुरू व्हायच्या आधी. सी प्रोग्रॅमसाठी त्याचा नियम असा, की पहिल्या स्लॅशच्या डावीकडचं सगळं रनटाइम ऑप्शन आणि उजवीकडचं प्रोग्रॅमचं. तुमच्या पाथमध्ये डावीकडे काहीच नव्हतं, म्हणून तक्रारही आली नाही.

कोबोलवाले खोटं बोलत नाहीत. त्यांच्याकडे नेहमीच्या सेटिंगला क्रम उलटा असतो, आधी प्रोग्रॅमचं आणि स्लॅशनंतर ऑप्शन. त्यांचं जेसीएल सी साठी उचलू नका.

उपाय म्हणजे एक स्लॅश स्वतःहून पुढे द्या: पार्म='//यू/बॅच/इनपुट'. पहिला एलई खाईल, दुसरा तुमचा. सोर्समध्ये प्रॅग्मा रनऑप्ट्स वापरून नोएक्झेकऑप्स देता येतं, मग अख्खी स्ट्रिंग तुमचीच. पण उद्या काही बिघडलं आणि पार्ममधून आरपीटीऑप्ट्स (लागू असलेल्या ऑप्शनची यादी छापणारा ऑप्शन) चालू करून बघायचं म्हटलं, तर तो रस्ता बंद. मी तरी स्लॅशच लावतो.

मूळ प्रश्नकर्ता

सिसआउट उघडलं आणि कपाळावर हात मारला. मेसेज तिथेच बसला होता, मी दोन दिवस सिसप्रिंट चाळत होतो. जादा स्लॅशने पाथ आणि तारीख दोन्ही नीट पोचले. १०० अक्षरांचं मात्र अजून तसंच आहे.

उत्तर २

झेड-ओएस २.१ पासून पार्मडीडी आहे. एक्झेक ओळीत पार्म काढा, पार्मडीडी=लांबपार्म लिहा आणि त्या नावाच्या डीडीखाली (फाइल किंवा मजकूर जोडणारी जेसीएलची ओळ) मजकूर द्या. ३२,७६० बाइटांपर्यंत चालतं. पार्म आणि पार्मडीडी एकाच स्टेपमध्ये दोन्ही देता येत नाहीत. स्लॅशचा नियम इथेही तोच. लोड मॉड्यूल (लिंक झालेला प्रोग्रॅम) एपीएफ ऑथराइज्ड, म्हणजे सिस्टिमचे खास अधिकार असलेलं, असेल तर १०० च्या वर जायला बाइंडरला (झेड-ओएसचा लिंकर) लाँगपार्म ऑप्शन देऊन लिंक करावं लागेल.

आणि पॅरामीटरमध्ये मोठं-लहानचं चिन्ह असेल तर जपून. शेल नसलं तरी सी ची रनटाइम ते रीडायरेक्शनच (इनपुट-आउटपुट फाइलकडे वळवायची सूचना) समजते. नको असेल तर प्रॅग्मा रनऑप्ट्समध्ये नोरीडायर.

मूळ प्रश्नकर्ता

चाललं! आमचा प्रोग्रॅम ऑथराइज्ड नाही, त्यामुळे लाँगपार्मची गरज पडली नाही. एका पॅरामीटरमध्ये फाइलच्या पाथऐवजी //डीडी:इन (इन नावाच्या डीडीला जोडलेली फाइल) द्यायचं होतं, तो सगळ्यात पुढे असल्यामुळे आता ओळ तीन स्लॅशने सुरू होते. कुणीतरी चूक समजून एक खोडेल या भीतीने वर कॉमेंट टाकून ठेवलीय: 'तिन्ही स्लॅश मुद्दाम आहेत, हात लावू नये.'