इटालियनमधील ‘दी’ आणि ‘के’: इंग्रजीच्या ‘दॅन’साठी नेमके काय वापरावे?

प्रश्न

मी इंग्रजीच्या माध्यमातून इटालियन शिकत आहे, परंतु वाक्य जुळवताना मनात मराठीच येते. विशेषणाआधी ‘अधिक’साठी ‘प्यू’ आणि ‘कमी’साठी ‘मेनो’ लावायचे, एवढे लगेच ध्यानात आले. अडचण पुढच्या शब्दाची आहे. ‘माझी बहीण माझ्यापेक्षा उंच आहे’ याचे ‘मिया सोरेल्ला ए प्यू आल्ता दी मे’ असे होते. म्हणून ‘लिहिण्यापेक्षा बोलणे सोपे आहे’ याचे मी ‘पार्लारे ए प्यू फाचिले दी स्क्रीवेरे’ असे केले, तर तेथे ‘दी’ नको, ‘के’ हवे, असे सांगण्यात आले. इंग्रजीत दोन्हीकडे ‘दॅन’ आणि मराठीत दोन्हीकडे ‘पेक्षा’ असताना इटालियनने हा भेद कशासाठी ठेवला असावा? पाठ करावयाच्या यादीऐवजी त्यामागचे कारण कोणी सांगितले, तर बरे होईल.

पहिले उत्तर

कारण आहे, आणि ते मराठी व्याकरणाच्या परिभाषेत इंग्रजीपेक्षा सहज सांगता येते. आपले ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ हे नामाला अथवा सर्वनामाला चिकटते, म्हणजे ते शब्दयोगी आहे. विशेषणाला ते थेट चिकटत नाही; ‘तो हुशारपेक्षा धूर्त आहे’ असे आपण म्हणत नाही, तर ‘हुशार असण्यापेक्षा धूर्त अधिक’ असे म्हणून आधी त्या विशेषणाचे नामासारखे रूप करून घेतो. इंग्रजीचे ‘दॅन’ मुळात याच्या उलट स्वभावाचे, म्हणजे उभयान्वयी अव्यय आहे. वाक्याचे दोन भाग जोडणे हे त्याचे काम असल्यामुळे त्याच्यापुढे विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण किंवा संपूर्ण वाक्य काहीही येऊ शकते.

इटालियनमध्ये हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. ‘दी’ हे शब्दयोगी आहे आणि ‘के’ हे उभयान्वयी. म्हणून पुढे नाम, सर्वनाम किंवा संख्या आली की सामान्यतः ‘दी’ येते, जसे ‘प्यू दी चेन्तो’ म्हणजे शंभराहून अधिक. आणि पुढे विशेषण, क्रियापदाचे मूळ रूप किंवा स्वतःचेच शब्दयोगी अव्यय घेऊन आलेला शब्द असेल तर ‘के’. ‘ए प्यू फुर्बो के इन्तेल्लिजेन्ते’, म्हणजे तो हुशार असण्यापेक्षा धूर्त अधिक. ‘फा प्यू फ्रेद्दो इन मोन्तान्या के आल मारे’, म्हणजे समुद्रकाठापेक्षा डोंगरावर थंडी जास्त. आपले ‘स्क्रीवेरे’ याच दुसऱ्या गटातले आहे. मराठीत ‘लिहिणे’ हे नाम होऊन विभक्तीचा विकार घेते, त्यामुळे आपला कान फसतो.

ही वाटणी लॅटिनपासून चालत आलेली आहे. लॅटिनमध्ये तुलना ‘क्वाम’ या अव्ययाने करता येई, किंवा ज्याच्याशी तुलना करायची ते नाम केवळ पंचमीसारख्या एका विभक्तीत ठेवूनही करता येई. मात्र ही दुसरी सोय नामे आणि नामासारखे वापरलेले शब्द यांच्यापुरतीच होती. इटालियनमध्ये विभक्तिप्रत्यय गळून पडले, तेव्हा त्या विभक्तीची जागा ‘दी’ने घेतली आणि ‘क्वाम’चे काम ‘के’कडे आले. संस्कृतातही तुलनेसाठी पंचमीच येते, आणि ‘त्याहून मोठा’ यातला ‘हून’ आपण पंचमीतच शिकलो आहोत.

दुसरे उत्तर

वरील विवेचन पटते, परंतु त्यात एक भोक आहे. ‘माझ्याकडे वह्यांपेक्षा पुस्तके जास्त आहेत’ हे वाक्य घ्या. पुढे नामच आहे, तरीही इटालियनमध्ये ‘ओ प्यू लिब्री के क्वादेर्नी’ असेच म्हणतात. येथे एकाचा गुण दुसऱ्याच्या मापाने मोजलेला नसून दोन वस्तूंची संख्या ताडून पाहिलेली आहे, आणि दोन्ही नामे वाक्यात एकाच नात्याने उभी आहेत. तेव्हा पुढे नाम दिसले तरी एक प्रश्न स्वतःला विचारावा: कोणी कोणापेक्षा कसा आहे हे सांगायचे आहे, की काय किती आहे हे?

जाता जाता, इंग्रजीत ‘दॅन आय’ म्हणावे की ‘दॅन मी’ हा जुना वाद याच मुळातून येतो. ‘दॅन’ उभयान्वयी मानले तर पहिले योग्य, शब्दयोगी मानले तर दुसरे. इटालियनमध्ये ‘दी’ निःसंशय शब्दयोगी असल्याने ‘दी मे’, ‘दी ते’ याशिवाय पर्यायच नाही. माझ्या मते इंग्रजीतला तो वाद विद्यार्थ्याने डोक्यावर घेऊ नये.

तिसरे उत्तर

शब्दसंग्रहाच्या बाजूने थोडी भर घालतो. इंग्रजीत तुलनेचे दोन मार्ग आहेत: लहान विशेषणांना ‘अर’ व ‘एस्ट’ हे प्रत्यय, आणि लांब विशेषणांआधी ‘मोअर’ व ‘मोस्ट’. यातला ‘एस्ट’ आणि ज्येष्ठ, कनिष्ठ यांतला ‘इष्ठ’ हे एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत. इटालियनमध्ये असा जिवंत प्रत्यय उरला नाही. ‘प्यू’ हाच राजमार्ग. लॅटिनमधून तयार आलेली मिल्योरे, पेज्जोरे, माज्जोरे, मिनोरे यांसारखी मोजकी रूपे तेवढी टिकली. ‘फ्रातेल्लो माज्जोरे’ म्हणजे थोरला भाऊ आणि ‘फ्रातेल्लो मिनोरे’ म्हणजे धाकटा. थोरला-धाकटा आणि मोठा-लहान यांत आपण करतो तसाच हा फरक आहे.

‘सर्वांत’ दाखवायला इटालियन वेगळे रूप घेत नाही, केवळ उपपद वापरते. ‘प्यू आल्तो’ अधिक उंच, ‘इल प्यू आल्तो’ सर्वांत उंच. त्यामुळे ‘इल मियो मिल्योरे आमीको’ याचा अर्थ ‘माझा अधिक चांगला मित्र’ नसून ‘माझा सर्वांत जिवलग मित्र’ असा होतो. ‘बेल्लिस्सिमो’मधला ‘इस्सिमो’ मात्र तुलनेचा नव्हे. तो ‘अतिशय’ एवढेच सांगतो, म्हणून त्यापुढे ‘दी’ किंवा ‘के’ जोडू नये.

इंग्रजीतले ‘सुपीरियर’ व ‘इन्फीरियर’ हे शब्द लॅटिनमधील तुलनेची रूपे असूनही त्यांच्यापुढे ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येते. इटालियनमध्येही ‘सुपेरियोरे’पुढे ‘दी’ नव्हे, ‘आ’ येते. आणखी गंमत म्हणजे इंग्रजीचे ‘नेक्स्ट’ आणि इटालियनचे ‘प्रॉस्सिमो’ ही दोन्ही मुळात ‘सर्वांत जवळचा’ या अर्थाची रूपे. दोघांचे मूळ निराळे, पण दोन्ही भाषांनी त्यांना ‘पुढचा’ करून टाकले.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. शब्दयोगी आणि उभयान्वयी या भेदाने गाठ सुटली. एक शंका उरते. ‘मला वाटले होते त्यापेक्षा अवघड गेले’ या वाक्यात पुढे पूर्ण वाक्य येते, म्हणजे पहिल्या उत्तरानुसार ‘के’ यायला हवे ना?

पहिल्या उत्तराचा लेखक

तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण येथे इटालियन आपल्या बाजूला येते. मराठीत आपण ‘वाटले होते’ एवढ्यावर ‘पेक्षा’ लावत नाही. ‘त्या’ या सर्वनामात ते वाक्य गोळा करतो आणि मग ‘त्यापेक्षा’ म्हणतो. इटालियनही नेमके हेच करते: ‘दी क्वेल्लो के’ किंवा ‘दी क्वान्तो’. आपले वाक्य ‘ए स्तातो प्यू दिफ्फीचिले दी क्वान्तो पेन्सास्सी’ असे होईल. ‘दी क्वान्तो’नंतर काळजीपूर्वक लिहिताना क्रियापद संशयार्थी रूपात ठेवतात. कधी त्याच वाक्यात ‘पेन्सास्सी’च्या आधी ‘नॉन’ आलेले दिसेल; तेव्हा गोंधळू नका, कारण तो नकार नसून नुसती लकब आहे आणि अर्थ तसूभरही बदलत नाही.