मदत हवी आहे: चुनखडीच्या माळावर अंजीर लावू की सीताफळ?

नमस्कार मंडळी. पुरंदर तालुक्यात, सासवडपासून थोडं आत, आमची दोन एकर वडिलोपार्जित जमीन आहे. कऱ्हा नदीकाठच्या भावकीची काळी, भारी जमीन. आमच्या वाट्याला मात्र माळ! वर फूट-दीड फूट माती, खाली मुरूम. पाणी मुरतं झकास, पण टिकत नाही.

माती परीक्षण करून घेतलं. सामू (पीएच) ८.२, मुक्त चुना १४ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.३५ टक्के. क्षारांचा त्रास नाही. बांधावर कागदी लिंबाची चार झाडं आहेत. त्यांची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हिराकस (लोहाचं खत) मातीत टाकून पाहिलं, काही फरक नाही. चुन्यात लोह अडकतं, असं नंतर कळलं (पैसे गेल्यावरच कळतं). त्यामुळे लिंबाचा नाद सोडला.

आता प्रश्न अंजीर की सीताफळ. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, भावही बरा असतो. पण उन्हाळ्यात फळं देणारा मीठा बहार धरायचा तर पाणी लागणार, आणि आमची विहीर मार्चअखेर तळ गाठते. आई म्हणते, "सीताफळ लाव, ते उपाशी राहूनही जगतं."

अशा जमिनीत अंजीर कोणी केलंय का? फक्त खट्टा (पावसाळी) बहार घेऊन परवडतं का? खड्डे किती खोल घेतलेत, आणि त्यात बाहेरची माती भरलीत की शेणखतावरच भागवलंत? अंजिराच्या पानांवरच्या तांबेरा रोगाचा अनुभवही सांगा. पावसाळ्याआधी खड्डे घ्यायचे आहेत.