सर्व्हरचा सेटअप दर डिप्लॉयमेंटला चालवावा का? माझं मत: अजिबात नाही

राजारामपुरीकर:
गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर पावत्या काढणारं अ‍ॅप आम्ही सांभाळतो. रात्री साडेअकराला नवं व्हर्जन सर्व्हरवर चढवलं, म्हणजेच डिप्लॉयमेंट केली, आणि पावती क्रमांक पुन्हा १ पासून सुरू झाले. बाहेर ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. कारण सापडेपर्यंत पहाट झाली.

आमची सेटअप स्क्रिप्ट (पॅकेज, फोल्डर, डेटाबेस लावून नवा सर्व्हर तयार करणारी) काम झालं की खूण म्हणून एक रिकामी फाइल ठेवायची. ती दिसली की पुढच्या वेळी काहीच करायची नाही. एकाच फोल्डरमध्ये कोड ओढत होतो तोवर हे चाललं. मग आम्ही कॅपिस्ट्रानो या डिप्लॉयमेंटच्या टूलवर आलो. तिथं प्रत्येक रिलीजला नवं फोल्डर बनतं आणि 'करंट' नावाची लिंक त्याच्याकडे वळते. खुणेची फाइल 'शेअर्ड' फोल्डरमध्ये हलवायची राहून गेली. नव्या फोल्डरात खूण नाही, म्हणजे सर्व्हरच नवा, असं स्क्रिप्टनं धरलं आणि सुरुवातीचा डेटा परत भरला.

म्हणून सांगतो, सेटअप माणसानं समोर बसून, नव्या सर्व्हरवर एकदाच चालवावा. डिप्लॉयमेंटनं फक्त तपासावं आणि काही कमी असेल तर थांबावं. कारखान्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन हंगामाच्या तोंडावर एकदा होतं, गव्हाणीत ऊस मात्र रोज पडतो. कॅपिस्ट्रानोच्या २ऱ्या आवृत्तीत सेटअपची वेगळी कमांड होती. ३ऱ्या आवृत्तीत ती गेली आणि फोल्डर बनवणं दर डिप्लॉयमेंटच्या तपासणीतच आलं. मला जुनी विभागणी बरी वाटते.

कुंभारगल्ली:
दादा, नुकसान झालं हे खरं, पण औषध चुकलं. २०१९च्या महापुरात आमच्या ऑफिसात पाणी शिरलं. सर्व्हर तिथंच होता. बॅकअप सुरक्षित होता, नवं मशीनही मिळालं. सेटअप स्क्रिप्ट मात्र दोन वर्षं कुणी चालवलीच नव्हती. काही पॅकेजची नावं बदललेली, मधल्या काळात सर्व्हरवर हातानं केलेले बदल स्क्रिप्टमध्ये नाहीत, आणि ते करणारा माणूस पुण्याला गेलेला. तीन दिवस गेले.

रोज चालते तीच स्क्रिप्ट जिवंत राहते. अट एवढीच की कितीही वेळा चालवली तरी शेवटची स्थिती तीच यावी. आणि खुणेची फाइल नकोच, प्रत्यक्ष स्थिती बघा. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी बघूनच उघडतात.

राजारामपुरीकर:
फोल्डर, युजर, परवानग्या इथपर्यंत मान्य. डेटाबेसचं काय? 'टेबल नसेल तर बनव' ही ओळ त्या नावाचं टेबल आहे का एवढंच बघते. आतले कॉलम जुने असले तरी ती बिनतक्रार पुढं जाते. ही फसवी निश्चिंती आहे.

उद्यमनगर:
तुम्ही दोघं 'किती वेळा' यावर भांडताय. आम्हाला मार बसला तो 'नेमकं कधी' यावर. अँसिबल या सर्व्हर सेटअपच्या टूलमध्ये एखाद्या टास्कनं, म्हणजे पायरीनं, कॉन्फिग फाइल बदलली की सर्व्हिस रीस्टार्ट करणारा हँडलर नोंदवला जातो, पण चालतो सगळे टास्क संपल्यावर. आमचा मधलाच एक टास्क पडला. त्या सर्व्हरवर हँडलर चाललाच नाही. चूक दुरुस्त करून परत चालवलं तर फाइल आधीच बदललेली, म्हणून बदल दिसला नाही आणि हँडलर नोंदवलाच गेला नाही. सगळं हिरवं, सर्व्हिस मात्र जुन्याच कॉन्फिगवर. आठवडाभर कुणाला पत्ता नव्हता. आता असा टास्क झाला की लगेच नोंदवलेले हँडलर तिथंच चालवून घेतो. कुंभारगल्ली, तुमच्या रोजच्या सेटअपमध्येही हेच होऊ शकतं.

कुंभारगल्ली:
बरोबर आहे. टास्क पडला तरी नोंदवलेला हँडलर सक्तीनं चालवायचा पर्यायही आहे, तो आम्ही कायम चालू ठेवतो.

रंकाळाकाठ:
मला वाटतं मूळ घोळ वेगळाच आहे. सुरुवातीचा डेटा भरणं हा सेटअप नव्हेच. टेबलांचे बदल मायग्रेशनमध्ये, म्हणजे एकेकदाच चालणाऱ्या बदलांच्या फाइलींत, जावेत. कुठलं मायग्रेशन झालं याची नोंद डेटाबेसमध्येच राहते, रिलीजचं फोल्डर बदललं म्हणून ती हरवत नाही. रेल्स या वेब अ‍ॅप बनवायच्या फ्रेमवर्कनं ५व्या आवृत्तीपासून प्रॉडक्शनचा डेटाबेस पुसणाऱ्या कमांड मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालू न द्यायची सोय केली, ती अशाच धास्तीतून.

राजारामपुरीकर:
हे पटलं. डेटा भरणारा भाग आज सेटअप आणि डिप्लॉयमेंट दोन्हीकडून काढतो. तरी पॅकेज बसवणं मी डिप्लॉयमेंटमध्ये घेणार नाही. काटा चालू असताना मधेच डेटाबेसची आवृत्ती बदललेली मला चालणार नाही.

कुंभारगल्ली:
मग आवृत्ती स्क्रिप्टमध्येच पक्की लिहा, आपोआप बदलणार नाही. तेही नको असेल तर महिन्यातून एकदा कोऱ्या मशीनवर पूर्ण सेटअप चालवून बघा. निदान पाऊस लागायच्या आधी एकदा तरी.

राजारामपुरीकर:
कोऱ्या मशीनवर चालवतो, दर महिन्याच्या १ तारखेला. चालू सर्व्हरवर नाही.