मदत हवी आहे: नऊ इंच उंच फूटपाथवर वॉकर चढवायचा कसा?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवा फूटपाथ झालाय. दिसायला झकास, पण टेपने मोजला तर नऊ इंच उंच! आईचा वॉकर चढत नाही, मग ती रस्त्यावरूनच चालते आणि मागून रिक्षावाले हॉर्न मारतात. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या सूचनांप्रमाणे कर्ब, म्हणजे फूटपाथची कड, १५० मिलिमीटरपेक्षा (साधारण सहा इंच) उंच नको, चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. आमच्याकडे मधोमध विजेची डीपी!

कुणी आपल्या भागात उतार किंवा टेबलटॉप क्रॉसिंग (फूटपाथच्या पातळीला उचललेलं क्रॉसिंग) करून घेतलंय का? अर्ज कुणाच्या नावे केलात? नमुना असेल तर टाका, प्लीज. सोसायटीतले काका म्हणतात, "उंच आहे म्हणून तरी बाईक चढत नाहीत." त्यांना बोलार्ड, म्हणजे बाईक अडवणारे बुटके खांब, सुचवू का?